उजवीकडचा खळगा

मला एकच काम दिलं होतं. घड्याळ बघायचं. बावीस वर्षं ज्या लॅबमध्ये घालवली, तिथे मला स्टुलावर बसवून सेकंद मोजायला सांगितले, तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल ते मला आरशाशिवायही कळत होतं.

गोठवलेला गर्भ वितळवताना आमच्याकडे दोघं लागतात. एक हात चालवतो, दुसरा नावं ताडून बघतो आणि वेळ सांगतो. त्या दिवशी हात चालवणार होती डावरी आणि वेळ सांगणार होते मी, कारण टाकीतला तो गर्भ माझ्या धाकट्या बहिणीचा होता. नात्यातल्या माणसाच्या कामाला हात लावायचा नाही, ही आमच्या डॉक्टरीणबाईंची अट. अट रास्त होती. पहिल्या दिवसापासून ती मला सलत होती, तरी रास्तच होती.

सहा वर्षांपूर्वी धाकटीला असाध्य म्हणावा असा आजार झाला. उपचार सुरू व्हायला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत तिचे आणि मेहुण्यांचे पाच गर्भ आम्ही तयार करून गोठवले, कारण उपचारांनंतर तिच्या शरीरात बीज उरणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आजारातून ती उठली. बीज उरलं नाही. गेल्या दोन वर्षांत एकेक करून चार गर्भ तिच्या पोटात ठेवले आणि चारही राहिले नाहीत. हा पाचवा. यानंतर टाकीत तिच्या नावाचं काहीही नव्हतं.

आधीच्या चारही वेळी मी मुकाट्याने घड्याळ बघितलं होतं. डावरीने हात चालवला आणि मी सेकंद मोजले. तिच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. चौदा वर्षांपूर्वी मीच तिला हे काम शिकवलं. ती डावखुरी, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिला डावरी हे नाव पडलं आणि तिने ते हसत घेतलं. काम इतकं अलगद करते की तिच्या हाताखाली पेशींनाही पत्ता लागत नाही आपण उचललो गेलो म्हणून. पण चार वेळा मी बघत बसले आणि चारही वेळा नुकसान झालं, तेव्हा आमच्यासारख्या मोठ्या बहिणींच्या डोक्यात जे यायचं ते आलंच. आपण काहीतरी करायला हवं होतं.

मी धाकटीहून बारा वर्षांनी मोठी. तिच्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या, शाळेतले निबंध मी लिहून दिले, तिने नोकरी सोडायची ठरवली तेव्हा राजीनाम्याचा कागदही मीच लिहिला. तिने मला यातलं काही करायला सांगितलं होतं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्या सकाळी साडेसातलाच मी लॅबमध्ये पोचले. डावरी साडेआठला येणार होती. सगळं आवरून झालं, टाकीतला गोठवणारा द्रव नायट्रोजन मोजून झाला, रजिस्टर उघडून झालं. हातांना काही काम उरलं नाही. मग मी डिश भरली.

आता हे नीट सांगायला हवं, कारण सगळं इथेच बिघडलं.

पेशीत पाणी असतं. पाणी गोठलं की त्याचे टोकदार खडे होतात आणि पेशी आतून फाटते. म्हणून गोठवण्याआधी आम्ही पेशीतलं पाणी काढून घेतो आणि त्याच्या जागी न गोठणारी औषधं आत जाऊ देतो. काढून घेतो, जाऊ देतो, असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात आम्ही काहीच ढकलत नाही आणि ओढतही नाही. औषध बाहेर जास्त आणि आत कमी असलं की ते आपणहून आत जातं, आत जास्त झालं की आपणहून बाहेर येतं. पेशीचा पडदा त्याला वाट देतो, एवढंच. मीठ लावून ठेवलेल्या काकडीला पाणी सुटतं, तेव्हा ते पाणीही काकडीतून कोणी पिळून काढलेलं नसतं.

वितळवताना सगळं उलटं. औषध बाहेर यायला हवं आणि पाणी आत जायला हवं. पण पाणी चपळ आणि औषध आळशी. गर्भ एकदम साध्या द्रवात टाकला, तर औषध दारातून निघायच्या आत पाणी धाडधाड आत शिरतं आणि पेशी फुगून फुटते. म्हणून आम्ही बाहेर साखर ठेवतो. साखरेला पेशीत शिरता येत नाही, ती बाहेर राहून पाण्याला धरून ठेवते. आधी भरपूर साखरेचा कोमट द्रव, त्याची वेगळी वाटी, तिथे एक मिनिट. मग अर्ध्या साखरेचा द्रव, तीन मिनिटं. मग बिनसाखरेचा, पाच मिनिटं. औषध सावकाश निघून जातं आणि तोवर साखर पाण्याला दारात थोपवून धरते. यात नवल काही नाही. क्रम चुकला नाही की झालं.

अर्ध्या साखरेचा आणि बिनसाखरेचा द्रव एकाच लांबट डिशमध्ये असतो. डिशला एका ओळीत तीन खळगे. एकात अर्ध्या साखरेचा द्रव, पुढच्या दोनांत बिनसाखरेचा. तिन्ही द्रव दिसायला साध्या पाण्यासारखे. खळग्यांवर खूण करत नाही, कारण शाईचा वास गर्भाला सोसत नाही. झाकणावर फक्त नाव. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे आणि ती मीच घालून दिलेली: जो गर्भ वितळवणार, त्यानेच आपली डिश भरायची. आपण भरलेल्या डिशमध्ये आपला हात आपणहून बरोबर खळग्याकडे जातो.

ही पद्धत मी मोडली. मनात म्हटलं, डावरीची दहा मिनिटं वाचतील. माझ्या हाताचं एवढं तरी धाकटीच्या कामात जाऊ दे. डाव्या खळग्यात अर्धी साखर, मधल्यात आणि उजव्यात बिनसाखरेचा. झाकण लावलं, नाव घातलं.

डावरी आली, हात धुतले, टोपी चढवली. टेबलावरची डिश तिने बघितली.

"तुम्ही भरलीत?"

"भरून ठेवलीय. तू फक्त सुरू कर."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग डिशकडे. "बरं," म्हणाली.

तिला तिथेच विचारायचं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. पण मोठ्या मॅडम, त्यात बहिणीचं काम, त्यात शेवटचा गर्भ. आज यांना काय विचारायचं, असं तिला वाटलं. आणि मॅडमनी माझ्यासाठी डिश भरली आहे म्हणजे माझ्या हाताच्या हिशेबाने भरली असणार, असंही तिने गृहीत धरलं.

तिच्या हाताचा हिशेब वेगळा असतो, हे मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं. साक्षीला बसलेला माणूस घड्याळ बघतो, नाव बघतो. खळगे कोण बघतं?

नऊ वाजून दोन मिनिटांनी तिने टाकीचं झाकण उघडलं. पांढरी वाफ काठावरून खाली उतरली. तिने नळी वर काढली, मी नाव वाचलं, क्रमांक वाचला, वर्ष वाचलं. तिने तेच पुन्हा वाचलं. माझा आवाज नेहमीसारखा निघाला याचं मला बरं वाटलं.

"चल."

नळीचं टोक कोमट वाटीत गेलं. "शून्य," मी म्हणाले. मायक्रोस्कोपचं चित्र भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होतं. गर्भ नळीवरून सुटला आणि द्रवात तरंगला. आक्रसलेला, सुरकुतलेला, धुळीच्या कणाहून लहान. पाच दिवसांचा होता तेव्हा गोठवलेला, शंभर-सव्वाशे पेशींचा. पडद्यावर तो मुठीएवढा दिसत होता.

"पन्नास. पंचावन्न. साठ."

डावरीने पिपेटमध्ये त्याला हलकेच ओढलं. तिचा हात डिशवर गेला आणि पिपेटचं टोक उजवीकडच्या खळग्यात उतरलं.

मी घड्याळाकडे बघत होते. "शून्य," म्हणाले. पाच म्हणाले, दहा म्हणाले आणि पडद्याकडे नजर गेली. गर्भ फुगत होता. अर्ध्या साखरेत तो फुगतोच, पण इतक्या झपाट्याने नाही. सुरकुत्या एका दमात ताणल्या गेल्या होत्या. आणि तो तरंगला नव्हता, सरळ तळाला जाऊन बसला होता.

"पंधरा," मी म्हणाले.

डावरीलाही दिसलं होतं. तिने मान वर केली नाही. "मॅडम, अर्धी साखर उजवीकडच्यातच आहे ना?"

"डावीकडे."

"मी उजवीकडून भरते," ती म्हणाली. "डावा हात आडवा जाऊ नये म्हणून. कायम."

कडेच्या एका पेशीचा काठ विरघळल्यासारखा झाला आणि आतले बारीक काळे कण बाहेर सांडले. मग तिच्या शेजारची. बावीस वर्षांत मी हजारो गर्भ बघितले आहेत आणि फुटणारी पेशी पहिल्यांदा बघत होते असं नाही. पण या पेशींची जात मला ठाऊक होती. प्रत्येकीतलं निम्मं आमच्या घरचं होतं.

"परत अर्ध्यात नेते," डावरी म्हणाली.

"नको." माझ्या तोंडून निघून गेलं. "ताणलाय तो. पिपेटमध्ये फाटेल. राहू दे आहे तिथे."

"औषध अजून आत आहे. इथे ठेवला तर सगळाच जाईल."

"हात लावू नकोस त्याला."

"मॅडम," डावरी म्हणाली. चौदा वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. चढलेला नव्हता, उलट खाली आलेला होता. "तुम्ही बोलू नका. तुम्ही वेळ सांगा."

मी घड्याळाकडे बघितलं. "बावीस," म्हणाले. दुसरं काही बोलायचा अधिकार मला नव्हता आणि तो नव्हता हे चांगलं होतं, कारण मी सांगितलं ते भीतीने सांगितलं होतं. तिने पिपेट बदलली, रुंद तोंडाची घेतली. पंचविसाव्या सेकंदाला तिने त्याला उचललं. द्रवाचा एक थेंबही हलल्यासारखा वाटला नाही. अठ्ठाविसाव्याला तो डावीकडच्या खळग्यात होता.

"शून्य," ती म्हणाली. "नव्याने मोजा."

मी नव्याने मोजलं. साखरेने पाण्याला पुन्हा बाहेर ओढलं, ताण उतरला, गर्भ हळूहळू लहान झाला. पाणी बाहेर जात होतं, पाठोपाठ औषधही निघत असणार, पण ते काही डोळ्यांना दिसत नाही. दिसत होती ती एका बाजूची काळपट कड. तीन मिनिटं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी मला कळलं. मग मधल्या खळग्यात पाच मिनिटं.

शेवटी तिने त्याला वाढवण्याच्या द्रवात ठेवलं आणि डिश इनक्युबेटरमध्ये सरकवली. नऊ वाजून पंधरा मिनिटं. आता दोन तास. जिवंत पेशी पाणी आत घेतात, मधली पोकळी पुन्हा भरते आणि गर्भ उघडतो. मेलेल्या पेशींना काही घेताही येत नाही आणि काही बाहेर टाकताही येत नाही. नुसतं पडून राहायचं. त्यातलं कोणतं होणार, हे दोन तासांनी कळणार होतं. साडेअकराला धाकटी आणि मेहुणे येणार होते.

डावरी स्टुलावर बसली. तिने हातमोजे काढले.

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली.

"तू विचारलंस. भरलीत का म्हणून विचारलंस. मी काय बोलले? फक्त सुरू कर."

"तरी."

"तरी काही नाही. डिश मी भरली."

रजिस्टर माझ्यासमोर होतं. त्यात डिश कोणी भरली याला रकानाच नाही. वितळवणाऱ्याची सही आणि साक्षीदाराची सही, बस. पद्धत मीच घातली होती, म्हणून रकाना ठेवायची गरज वाटली नव्हती. वितळवणाऱ्याच्या जागी डावरीचं नाव आधीच लिहिलेलं होतं. मी काही न लिहिता वही मिटली असती, तर पुढे कुणी बघितलं असतं तरी चूक तिच्याच नावावर गेली असती. तिच्या लक्षात हे आलं असावं, कारण ती वहीकडेच बघत होती.

मला मोह झाला नाही असं म्हणाले तर खोटं होईल. झाला. अगदी थोडा वेळ, पण झाला. बहिणीसमोर उभं राहून हे सांगणं मला नको होतं. मग मी समासात लिहिलं: डिश साक्षीदाराने भरली, खळग्यांचा क्रम वितळवणाऱ्याला सांगितला नाही, गर्भ अठ्ठावीस सेकंद चुकीच्या द्रवात. खाली सही केली. वही तिच्याकडे सरकवली. तिने वाचलं आणि आपलीही सही केली.

डॉक्टरीणबाईंना मी दहा वाजता जाऊन सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारलं, "अट कशासाठी घातली होती, कळलं ना आता?" मी हो म्हणाले. यापेक्षा त्यांनी आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

साडेदहाला डावरीने डिश काढून बघितली. गर्भ तसाच. पुन्हा आत. मी कपाट पुसलं. पुसलेलं कपाट पुन्हा पुसलं. डावरी म्हणाली, "मॅडम, बसा हो. तुमच्यामुळे मलाच धाप लागतेय." मी बसले. पावणेअकरा वाजले, अकरा वाजले. बाहेरच्या खोलीत कुणीतरी खुर्ची ओढली की माझा जीव वरखाली व्हायचा. वेळेआधी यायची धाकटीला जुनी खोड आहे.

सव्वाअकराला डावरीने डिश पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवली. या वेळी पडद्याकडे बघायचं धाडस मला होईना. मी तिच्याकडे बघत राहिले. ती बराच वेळ चाक फिरवत होती.

"उघडतोय," ती म्हणाली.

मग मी बघितलं. एका बाजूला काळी कड तशीच होती, मेलेल्या पंधरावीस पेशींची. पण उरलेल्यांनी पाणी घेतलं होतं. मध्ये पोकळीचा एक चंद्रकोरीसारखा भाग भरला होता आणि काठ ताठ झाला होता. त्या पेशी काम करत होत्या. आमच्या गोंधळाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. नको ते बाहेर सोडत होत्या, हवं ते आत घेत होत्या. मी भिंतीला टेकले आणि रडले. डावरीने मला रडू दिलं आणि डिश परत आत ठेवली.

आनंदाने नाचावं असं मात्र ते नव्हतं. पूर्ण उघडलेला गर्भ आणि एका कडेने मेलेला गर्भ यांत फरक असतो. किती फरक असतो, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही.

धाकटी आणि मेहुणे तपासणीच्या खोलीत बसले होते. ती गाऊन घालून तयार होती. पाण्याची बाटली मांडीवर, निम्मी संपलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी सांगते." मी म्हणाले, "नको. मलाच सांगू द्या."

मी सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. डिश मी भरली, मी भरायची नव्हती. त्यामुळे गर्भ चुकीच्या खळग्यात गेला. काही पेशी मेल्या. बाकीच्या जिवंत आहेत, गर्भ उघडतोय. डावरीने वाचवला, माझ्या सांगण्याविरुद्ध वाचवला.

मेहुणे उठून खिडकीकडे गेले. धाकटी माझ्याकडे बघत राहिली.

"तू सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं?"

"नाही."

"मग का सांगितलंस?"

"तुझा आहे तो," म्हणाले. "पोटात घ्यायचा की नाही, ते तुला ठरवायचंय. अर्धवट माहितीवर कसं ठरवशील?"

"ठरवायला दुसरा आहे कुठे?" ती म्हणाली. मग डॉक्टरीणबाईंकडे वळली. "मला हवाय तो. आत्ताच." आणि माझ्याकडे न बघता, "ताई, तू आत येऊ नकोस."

चारही वेळा मी तिचा हात धरून आत उभी होते. या वेळी मी बाहेरच्या खोलीत, जिथे लोकांचे नवरे आणि आया बसतात, तिथल्या खुर्चीवर बसले. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते. समोरच्या भिंतीवर पेशीचं मोठं रंगीत चित्र आहे, ते मीच लावून घेतलं होतं. बाहेरून आत जाणारे बाण निळे, आतून बाहेर येणारे लाल. इतकं सरळ सोपं चित्र कुणाला बघायला लावू नये असं मला वाटलं.

पुढचे बारा दिवस धाकटीने माझा फोन उचलला नाही. मेहुणे उचलायचे. "बरी आहे," म्हणायचे. "जेवली." मी दुसरं काही विचारायचे नाही. विचारलं तर ते पंचाईतीत पडायचे आणि त्या बिचाऱ्यांचा काय दोष?

तेराव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. तो लॅबमधून फोन करून सांगायचा असतो. धाकटीने आधीच सांगून ठेवलं होतं, फोन डावरीने करायचा. डावरीने कागद वाचला, मला दाखवला आणि दार लावून घेऊन फोन केला. मी दाराबाहेर उभी राहिले. कागदावरचा आकडा मी बघितलाच होता. गर्भ राहिला नव्हता.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. जाऊ नये हे कळत होतं. मेहुण्यांनी दार उघडलं, मला बघून चपला घातल्या आणि दूध आणायच्या निमित्ताने खाली उतरले. धाकटी स्वयंपाकघरात भांडी पुसून फळीवर लावत होती. मी दारात थांबले. तिने मला बस म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही.

"आधीच्या चार वेळी सगळं नीट झालं होतं?" तिने विचारलं. "डिश, वेळ, सगळं?"

"सगळं."

"एकही पेशी मेली नव्हती?"

"एकही नाही. चारही छान उघडले होते."

"तरी नाहीच राहिले." तिने एक पातेलं पुसलं, उलटं ठेवलं. "म्हणजे हा तुझ्यामुळे गेला असं म्हणता येत नाही."

"नाही. आणि माझ्यामुळे गेला नाही, असंही म्हणता येत नाही. ते कधीच कळणार नाही आपल्याला."

"हं."

मी रस्त्यात पाठ केलेलं वाक्य काढलं. "मला माफ कर, मी—"

"थांब ना जरा, ताई." तिने फडकं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज मोकळा होता. "चार वेळा मी रागवायला माणूस शोधत होते. डॉक्टरांवर रागवावं, तर त्यांनी सगळं बरोबर केलेलं. यांच्यावर रागवावं, तर ते माझ्याआधी रडायला लागायचे. आजारावर रागवून किती रागावणार? मग स्वतःवर रागवायचे. माझंच शरीर नासकं, असं म्हणत रात्र रात्र काढली मी. या वेळी तसं नाही. या वेळी कुणीतरी खरंच चुकलंय. तू आहेस."

मी दारातच उभी राहिले.

"तू मला लागतेस, हे मला माहीत आहे. मी येईन परत तुझ्याकडे. पण आत्ता थोडे दिवस मला तुझ्यावर रागवू दे. मनापासून. मला समजावू नकोस. यांना फोन करून जेवली का विचारू नकोस. डबा पाठवू नकोस. काहीसुद्धा करू नकोस."

"किती दिवस?" सवयीने माझ्या तोंडून गेलं.

"ते तू मोजायचं नाहीस."

तिने फडकं उचललं आणि उरलेली भांडी पुसायला घेतली. माझा हात ओट्यावरच्या ओल्या ताटलीकडे निघाला होता. मी तो मागे घेतला, बाहेर येऊन चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने सांगितलं तेवढंच केलं.